चौतिसावा नमुना

ग्रामपंचायतीच्या दप्तरात तेहेतीस नमुने असतात. मी नोकरीला लागलो तेव्हा सत्तावीस होते, २०११ च्या लेखासंहितेनंतर वाढले. नमुना आठवर घरांची कर आकारणी, नमुना दहा म्हणजे पावती. पोस्टाच्या तिकिटांचा हिशोब ठेवायला वही आहे, गावातली झाडं मोजायलाही वही आहे. एकतीस वर्षं ग्रामसेवक म्हणून मी ही दप्तरं वाहिली. त्यातली सोळा-सतरा वर्षं गंगेकाठच्या गावांत गेली. दुधाच्या कॅना, शाळकरी पोरं, माहेरी निघालेल्या पोटुशा लेकी, हे सगळं जिच्यावरून पैलतीरी जायचं त्या नावेची नोंद मात्र यांतल्या एकाही वहीत नव्हती.

गंगा म्हणजे गोदावरी. आमच्या परभणी जिल्ह्यात तिला गोदावरी फक्त भूगोलाच्या पुस्तकात म्हणतात. जनाबाईंचं गाव गंगाखेड, ते तिच्याच काठी. मी मात्र राणीसावरगावचा. तालुका गंगाखेडच, पण गाव बालाघाटाच्या अंगाला, रेणुकामातेच्या पायाशी. नदी पाहायची तर एसटीत बसावं लागतं. त्यामुळं सावरगावच्या माणसानं नावेवर लिहावं हे आमच्या पाहुण्यारावळ्यांना हसण्यासारखं वाटतं. आमच्याकडं पाणी आडवं नसतं, उभं असतं. विहिरीत.

त्या उभ्या पाण्यातच मी पोहायला शिकलो. पाठीला गोडेतेलाचा रिकामा डबा, झाकणाला मेण लावलेलं, आणि मागून थोरल्या भावाचा धक्का. आमच्या वडिलांच्या वेळी डब्याच्या जागी वाळलेला भोपळा होता, माझ्या पुतण्याच्या वेळी ट्रॅक्टरची ट्यूब आली. हे सांगून ठेवतो, कारण पुढं डबा पुन्हा येणार आहे.

साल १९९७ किंवा ९८. पल्स पोलिओचा रविवार. माझ्याकडच्या दोन गावांतलं एक अलीकडं, एक पलीकडं. पुलावरून जायचं तर अठ्ठावीस किलोमीटरचा फेरा, चप्पूनं गेलं तर विडी संपेपर्यंत पोचायचं. चप्पू म्हणजे पत्र्याची उथळ नाव, बुडाला डांबर, दोन वल्ही. नावाडीमामा भोई समाजाचे. त्यांना रोजचे पैसे कुणी देत नसे, सुगीला घरटी पायली-दोन पायली ज्वारी ठरलेली. सकाळी सातला आम्ही चढलो ते अकरा जण, एक शेळी, दुधाच्या दोन रिकाम्या कॅना आणि लसीची निळी पेटी. पेटी आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरच्या मांडीवर. सिस्टर लातूरकडच्या, पाण्याला भ्यायच्या. मी त्यांना धीर देत होतो, म्हणजे उभा राहून बोलत होतो. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

काठ पंचवीस-तीस हात उरला असेल. शेळी बिचकली, तिला धरायला दोघं एकदम उठले, मी आधीच उभा. कड पाण्याला टेकली. मामा ओरडले, "बसा खाली! हालू नका कुणी!" पण पाण्यानं एकदा कड ओलांडली की नाव आपली राहत नाही. आत आलेलं पाणी उतार शोधत एका बाजूला धावतं, आणि ज्या बाजूला धावतं तीच बाजू आणखी दाबतं. आम्ही सगळे गंगेत.

कुणी गेलं नाही. पाणी तिथं छातीएवढं होतं, हे नशीब. सिस्टर मात्र घाबरून पाय टेकायलाच विसरल्या होत्या. मामांनी एक रिकामी कॅन त्यांच्या कवेत दिली आणि काठापर्यंत ढकलत नेली. निळी पेटी आपल्या आपण तरंगत गेली. लस कामाची राहिली नव्हती, ती बदलून आणली. शेळी सगळ्यांच्या आधी काठावर उभी होती.

सोमवारी मी वरिष्ठ कार्यालयाला अहवाल पाठवला. तीन आठवड्यांनी तो शेरा घेऊन परत आला. सदर नाव कोणत्या योजनेतून प्राप्त झाली, तिची नोंद कोणत्या नमुन्यात आहे, याचा खुलासा करावा. मी खुलासा केला नाही. नाव कुठल्याच योजनेतून आलेली नव्हती आणि कुठल्याच नमुन्यात बसत नव्हती. पूर्वी गंगाखेडात सायकलीलासुद्धा बिल्ला लागल्याचं वडील सांगायचे. दोन चाकांना बिल्ला होता, अकरा माणसांच्या नावेला काहीच नव्हतं.

निवृत्तीनंतर हा खुलासा मी स्वतःसाठी शोधला. नदी-तलावांतल्या बोटींसाठी देशात कायदा होता तो १९१७ चा. त्याचं मूळ नावच वाफेच्या बोटींवरून. कायदा इंग्रजांचा, आमचा मुलूख निजामाचा, पण ते सोडा. मुद्दा असा की त्या कायद्याला यंत्र दिसत होतं, वल्हं दिसत नव्हतं. स्वातंत्र्यानंतर त्यात दुरुस्त्या झाल्या, वाफेच्या जागी इतर इंजिनं आली, तरी वल्ह्याची नाव त्याच्या नजरेबाहेरच राहिली. मामांचा चप्पू बेकायदा होता असं म्हणायचीही सोय नव्हती. बेकायदा ठरायला आधी कायदा लागतो.

२०२१ साली संसदेनं अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा केला आणि २०२२ च्या जूनपासून तो अमलात आला. त्यात सरळ दोन वाटण्या आहेत. इंजिनावर चालणारं जलयान असेल तर त्याची तपासणी, नोंदणी, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र आणि विमा. आपल्या राज्यात ही कामं महाराष्ट्र सागरी मंडळाकडं असतात, म्हणजे १९९६ च्या कायद्यानं झालेल्या मंडळाकडं. इथं आपल्या लोकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मासेमारीच्या होडीला कुणी हौसेनं डिझेल इंजिन बसवलं आणि तिच्यातून माणसं न्यायला लागला, की त्या दिवसापासून ती वल्ह्याची होडी राहत नाही. तिचं खातं बदलतं.

दुसरी वाटणी बिनइंजिनाच्या जलयानांची, म्हणजे आपल्या चप्पूची. त्यांच्यासाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण आहे. या नावांची नोंद व्हावी, नोंदीचं प्रमाणपत्र मिळावं, त्यांनी सुरक्षिततेच्या किमान अटी पाळाव्यात, आणि हे काम राज्य सरकारनं जिल्हा, तालुका आणि गाव या तीन पातळ्यांवरच्या स्थानिक स्वराज्य संस्थांकडं सोपवावं, अशी ती तरतूद. हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. गाव पातळीवरची स्थानिक स्वराज्य संस्था म्हणजे ग्रामपंचायत. म्हणजे माझं दप्तर. तो खुलासा मला विचारणाऱ्यांनी चुकीच्या माणसाला विचारला नव्हता, फक्त पंचवीस वर्षं आधी विचारला होता.

तोवर गंगाही बदलली होती, आणि हे शहरातल्या वाचकाला सहसा माहीत नसतं. पैठणला जायकवाडी झालं, पुढं आमच्या जिल्ह्यात ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे झाले. शेतीला पाणी आलं, ऊस आला, त्याबद्दल तक्रार नाही. पण पूर्वी फेब्रुवारीनंतर गंगा उताराच्या जागी गुडघाभर असायची. बैलगाड्या जायच्या, बाया लुगडं खोचून जायच्या. बंधाऱ्यानं पाणी तुंबलं आणि बरेच उतार बुडाले. जिथं वर्षातले काही महिनेच नाव लागायची तिथं ती बारमाही लागू लागली. आता पूल झालेत, अजून होतायत, आणि ज्या दोन गावांमध्ये पूल झाला तिथली नाव आठ दिवसांत काठावर पालथी पडते. पण शेत पैलतीरी असलेल्या माणसाला पूल दहा किलोमीटरवर असून काय कामाचा? २०२३ साली गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची पोरं जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून शाळेला जात असल्याची चित्रं देशभर गेली. ज्यांनी ती पाहून कपाळावर हात मारला, त्यांना मी दोष देत नाही. पण आमच्याकडच्या मच्छीमाराला त्यात नवल वाटलं नसेल. बारदानात शिवलेल्या थर्माकोलवर बसून तो रोज जाळं टाकतो.

२०२४ हे साल तर पाण्यानं माणसं मोजून घेण्याचं होतं. २३ जानेवारीला गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेत नाव उलटली आणि गणपूरच्या सहा बाया गेल्या. पलीकडं मिरची तोडायला निघाल्या होत्या. आमच्या बाया कापूस वेचायला जातात, तशाच. २१ मे रोजी उजनीच्या पाण्यात करमाळ्यातल्या कुगावहून इंदापुरातल्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. बोटीवरचा एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागला म्हणून बातमी लवकर कळली. दोन दिवसांनी अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांना शोधणारी बोट भोवऱ्यात उलटली, आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे तीन जवान गेले. वर्ष सरता सरता, १८ डिसेंबरला, मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची चाचणी चाललेली वेगवान बोट आदळली. १५ जण गेले.

या शेवटच्या प्रसंगाशी मी बराच काळ अडून बसलो होतो. कारण नीलकमलला सगळे नमुने होते. नोंदणी, परवाना, ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी हा आकडा. तरी त्या दिवशी वर शंभरावर माणसं होती आणि अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. धडक बसली ती प्रवाशांच्या संख्येमुळं नव्हे, हे उघड आहे. पण धडकेनंतर पाण्यात किती माणसं पडली आणि ती किती वेळ तरंगली, हे त्या आकड्यावर आणि जॅकेटवरच ठरलं. मी दप्तरी माणूस. नोंद झाली की काम झालं, अशी आमच्या हाडांची सवय. नीलकमलनं ती मोडली. कागदावर ८४ लिहिणारा माणूस एका कचेरीत बसतो, आणि पंच्याऐंशीवा माणूस धक्क्यावर उभा असतो. त्या दोघांची गाठ कोण घालून देणार?

यावर एक जुना तोडगा आहे आणि तो कागदाचा नाही, रंगाचा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात मालक जहाजं खच्चून भरायचे, विमा उतरवायचे आणि खलाशी बुडायचे. सॅम्युएल प्लिमसोल नावाच्या खासदारानं पार्लमेंटात आरडाओरडा करून १८७६ साली जहाजाच्या अंगावर भाराची रेघ मारणं सक्तीचं करून घेतलं. ती रेघ पाण्याखाली गेली की भार जास्त. गंमत म्हणजे पहिली काही वर्षं रेघ कुठं मारायची हे मालकानंच ठरवायचं होतं! सरकारी काम सगळीकडं सारखंच. पण रेघ टिकली, आज जगभरच्या मालवाहू जहाजांवर ती आहे. मला तिचं आवडतं ते हे, की तिला वाचायला अक्षरओळख लागत नाही आणि तिच्यासाठी साहेबाला घाटावर यावं लागत नाही. काठावर उभी असलेली म्हातारीसुद्धा सांगू शकते, मामा, रेघ बुडाली.

रेघेमागचं गणित चौथीच्या पोराला जमेल असं आहे. चौदा फूट लांब, चार फूट रुंद, टोकांना निमुळता चप्पू धरा. पाण्यावर त्याची जागा साधारण चार चौरस मीटर. साठ किलोचा माणूस चढला की तो साठ लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे नाव दीड सेंटिमीटर खाली जाते. दहा माणसं म्हणजे पंधरा सेंटिमीटर. मोटारसायकल चढवली तर जवळपास दोन माणसांचा भार, आणि तिचं वजन उंचावर, उभ्या माणसासारखं. उभा माणूस आणि बसलेला माणूस यांचं वजन सारखंच भरतं, पण नावेला ते सारखं लागत नाही. भार जितका वर, तितकी नाव कलायला उतावळी. सेल्फीसाठी सगळे एका कडेला सरकले की काय होतं हे याच गणितात बसतं. मामांना यातलं काही कुणी शिकवलं नव्हतं, तरी ते नेहमी जाड माणसाला मधोमध बसवायचे. मी तेव्हा जाड नव्हतो, म्हणून मला उभं राहू दिलं असावं.

आता डब्याकडं येतो. पाण्यात माणूस फार जड नसतो. पाण्यानं त्याचा बहुतेक भार उचललेलाच असतो, उरतं ते डोकं वर ठेवण्यापुरतं. त्यासाठी चार-पाच किलोची उचल पुष्कळ. झाकण घट्ट बसलेली पाच लिटरची रिकामी कॅन तेवढी उचल देते, वीस लिटरचा रिकामा जार त्याच्या चौपट. सिस्टर वाचल्या त्या या हिशोबानं. मग जॅकेट कशाला? तर कॅन हातातून सुटते, जॅकेट सुटत नाही. बेशुद्ध माणसाला कॅन धरता येत नाही, चांगलं जॅकेट मात्र त्याचं तोंड आभाळाकडं ठेवायला मदत करतं. बाजारात जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा लिहिलेला असतो. ५० म्हणजे पोहता येणाऱ्याला, काठाजवळ, नुसता हातभार. १०० म्हणजे शांत पाण्यात न पोहणाऱ्यालाही चालेल असं, साधारण दहा किलोची उचल. १५० खवळलेल्या पाण्यासाठी. आकडाच नसेल तर ते नारिंगी बनियन समजावं. पोराच्या अंगात मोठ्या माणसाचं जॅकेट घालू नये, पाण्यात पडल्यावर पोर खालून निसटतं आणि जॅकेट एकटंच तरंगतं. आणि घडी करून बाकाखाली ठेवलेल्या जॅकेटवर बसून नदी पार करणाऱ्या लोकांबद्दल मी काय बोलावं? मीही त्यातलाच होतो.

दोन वर्षांमागं पुतण्यानं हट्टानं मालवणला नेलं. त्याला तारकर्लीला स्कूबा करायचं होतं, मला सोलकढी प्यायची होती. पण बोटीजवळ गेलो आणि माझ्यातला सावरगावचा पोर जागा झाला. विहिरीच्या तळातून पितळी तांबे काढलेला माणूस मी! म्हटलं, मीही उतरतो. तिथल्या पोरानं हातात कागद दिला. दमा आहे का, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, रक्तदाब, चालू औषधं. मी रक्तदाबाच्या गोळीपुढं बरोबरची खूण केली. त्यानं कागद पाहिला, माझ्याकडं पाहिलं. "काका, मगे खाली नको. बोटीत बसा." मी सांगितलं, आम्ही साठ फूट विहिरीत बुडी मारतो. तो हसला आणि मग त्यानं मला जे समजावलं ते मी एकतीस वर्षांच्या कुठल्याच प्रशिक्षणात ऐकलं नव्हतं.

विहिरीत आपण छाती भरतो ती वरच्या हवेनं. खाली जाताना ती हवा दाबानं आक्रसते, वर येताना पुन्हा होती तेवढी होते. स्कूबात माणूस टाकीतली हवा खाली असतानाच घेतो. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथं भरलेली छाती श्वास रोखून वर आणली, तर ती हवा दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुसात तेवढी जागा नसते. म्हणून त्यांचा पहिला नियम, श्वास कधी रोखायचा नाही. दुसरा, वर यायचं ते सावकाश. जास्त खोल, जास्त वेळ राहून भरकन वर आलं की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, उघडलेल्या सोड्याच्या बाटलीसारखे. त्याच कारणानं स्कूबानंतर लगेच विमानात बसायचं नाही. खाली बोलता येत नाही म्हणून खुणा शिकवतात. आपल्याकडं अंगठा वर म्हणजे झकास. पाण्याखाली त्याचा अर्थ, मला वर न्या. झकाससाठी अंगठा आणि तर्जनीचं कडं करायचं. पुतण्या खाली जाऊन तिथल्या माशांना आनंदानं अंगठा दाखवत राहिला आणि दोनदा वर आणला गेला.

मी बोटीत जॅकेट घालून बसलो आणि विचार करत राहिलो. याच तारकर्लीला २४ मे २०२२ रोजी दोन पर्यटक गेले. ते स्कूबा करताना नव्हे, स्कूबा आटोपून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली तेव्हा. म्हणजे जिथं कागद भरून घेतात, खुणा शिकवतात तिथं माणूस जपला जातो, आणि जिथं 'आता काय, पोचलोच' असं वाटतं तिथं जातो. राज्यानं २०२१ साली साहसी पर्यटनासाठी धोरण आणलं, त्यात पाण्यावरचे खेळही आहेत. चांगलं आहे. पण ते धोरण तिकीट काढून पाण्यात उतरणाऱ्यांचं. आमच्या विहिरीला आणि गंगेला तिकीट नाही.

विहिरीतला सूर हा आमच्याकडचा सगळ्यात जुना साहसी खेळ, आणि त्याचा नियम एकच असावा. पहिली उडी पायांवर. गेल्या साली तीन पुरुष पाणी होतं म्हणून यंदाही असेल, हे मराठवाड्यात कुणी गृहीत धरू नये. डोक्यावर आपटलेल्याची मान मोडते, आणि वाचला तरी हातपाय जातात. दुसरी खोड पैजेची. कोण जास्त वेळ तळाशी राहतो? पोरं आधी भराभरा दीर्घ श्वास घेतात. त्यानं अंगातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घ्यायची उबळ तोच वायू आणतो. उबळ येण्याआधीच प्राणवायू संपतो आणि पोर तळाशी गुपचूप बेशुद्ध होतं. वरचे मोजत राहतात. बुडणारा माणूसही सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. त्याला श्वासच मिळत नाही तर आवाज कुठला? हात पाण्यावर दाबत तो काही क्षणांत गप खाली जातो. त्याला नाडा टाका, धोतर टाका, काठी द्या. स्वतः उडी सगळ्यात शेवटी. बाहेर काढल्यावर उलटं टांगून पोटातलं पाणी काढत बसू नका, तोंडातून श्वास द्या आणि छाती दाबा.

सेलू तालुक्यात वालूरला एक जुनी बारव आहे. पायऱ्या गोल फिरत फिरत पाण्यापर्यंत उतरतात. पाणी खाली गेलं तरी माणसाला त्याच्यापर्यंत चालत जाता येतं, उडी मारावी लागत नाही. कुणा अनाम गवंड्यानं नियम लिहिला नाही, बांधून ठेवला. आमच्या आजच्या विहिरींना कठडासुद्धा नसतो, मग पायऱ्यांची बातच नको.

नदीवर आणखी एक सापळा आहे, तो दिसायला इतका साधा की त्याच्याकडं पोरं पोहायलाच जातात. केटीवेअर, म्हणजे कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा. पाणी भिंतीवरून शांत, काचेसारखं खाली पडतं. पण पडलेलं पाणी तळाशी जाऊन उसळतं आणि वरच्या थरातून पुन्हा भिंतीकडं फिरतं. त्यात सापडलेला माणूस, ओंडका, होडी, जे काही असेल ते भिंतीकडं ओढलं जातं, खाली जातं, वर येतं, पुन्हा ओढलं जातं. भलाभला पोहणारा त्यात थकतो. बंधाऱ्याची दारं उघडायची असली की भोंगा वाजतो, गावात दवंडी जाते. पण ती काठावरच्या गावात ऐकू येते. थर्माकोलवर बसून कानाला इअरफोन लावलेल्या मच्छीमाराला नाही.

गेल्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला मी माझ्या जुन्या, गंगेकाठच्या त्या गावी गेलो. आता ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. तिथली पोरगी तिशीतली, हुशार. मी विषय मांडला. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "भाऊसाहेब, पण नोंद कोणत्या नमुन्यात घेऊ?" सभेत हसू पिकलं, माझंही. मी पिशवीतून शंभर पानी वही काढली. घरूनच रकाने आखून नेले होते. मालकाचं नाव, नावेची लांबी-रुंदी, बांधल्याचं वर्ष, बूड शेवटचं कधी तपासलं, माणसं किती, जॅकेटं किती, वारा सुटल्यावर नाव बंद ठेवली त्या तारखा. वरती लिहिलं होतं, नमुना ३४. ती म्हणाली, "हा लेखापरीक्षणात चालणार नाही." मी म्हटलं, लेखापरीक्षकाला एकदा चप्पूनं पलीकडं पाठव. तिनं ठराव लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर रेघ मारायची होती. मामा आता नाहीत, त्यांचा धाकटा मुलगा नाव चालवतो. शाळा रंगवून उरलेला पांढरा रंग आणला, गुरुजींनी फूटपट्टी आणली. मुलगा वल्ही घेऊन मधे बसला. रिकाम्या नावेची कड पाण्यापासून बेचाळीस सेंटिमीटर. एकेक माणूस चढवला, चढला की बसवला, पाणी निवळू दिलं, मापलं. कुणाला सव्वा, कुणाला पावणेदोन, पण गणित मोठं काही चुकत नव्हतं. कड एक वीत चार बोटं तरी वर राहिली पाहिजे, असं काठावरच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं. गुरुजींच्या पट्टीवर ते तीस भरलं. आठवा माणूस बसला तेव्हा पाणी बरोबर तिथं आलं, आणि मुलानं कुंचला ओढला.

रंग वाळेपर्यंत आम्ही चहा घेतला. पलीकडचं माझ्या कामाचं दुसरं गाव मला पाहायचं होतं. आठ जण आपापल्या जागी पुन्हा बसले, मी चप्पल हातात घेऊन कडेवर पाय ठेवला. मुलानं वल्हं आडवं धरलं.

"भाऊसाहेब, तुम्ही नववे."

मी काठावर परत आलो. ऊन वर येईपर्यंत तिथंच बसलो, दुसऱ्या खेपेची वाट पाहत.